लिंबाने घासलेले पहिले नाणे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्तीचा (दुकान आता माझे नाही, त्याबद्दल पुढे येईलच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाचाही धाकदपटशा नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. ती आज शाबूत आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. मागचे त्यात काही लिहिलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी ‘माझा अमूल्य नाणेसंग्रह’ असे शब्द वापरले होते. ते वाचून कोणी हसले तर माझी हरकत नाही.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या आणि एक आतली छोटी खोली, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. स्वयंपाकघराचा नळ गळतो. वायसर बदलून उपयोग नाही, मी सहा वेळा बदलला आहे. आतल्या खोलीचे दार चिकटते, ते जरा उचलून ढकलावे. तिच्या आईला ही युक्ती ठाऊक नव्हती, कारण बेचाळीस वर्षे तिने त्या दाराला हात लावला नाही.

कलम दुसरे. माझी हत्यारे: सतरा स्क्रू-ड्रायव्हर, चार चिमटे, तेलाची सुई, डोळ्याला लावायचे भिंग. हीसुद्धा मुलीलाच. खरे तर ती तिचीच आहेत. बारा वर्षांची असल्यापासून ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून घड्याळे उघडायची, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका. गिऱ्हाइके मला चुकवून तिच्यापुढे घड्याळ ठेवायची. मला राग यायचा आणि आतून बरेही वाटायचे. दुकान पुढे तिनेच चालवायचे हे आमचे न बोलता ठरले होते. ते मी नऊ वर्षांपूर्वी तिला न विचारता विकले आणि आलेल्या पैशात चांदीच्या नाण्यांचा एक आख्खा खण घेतला. ती म्हणाली, “बाबा, मी काय करू मग?” मी म्हणालो, “अगं वेडे, हे सगळं शेवटी तुझंच आहे ना!” आज ती दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहून पट्टे आणि सेल बदलते. हे मी लिहिले नाही तरी तिला माहीत आहे. तरी लिहितो.

कलम तिसरे, नाण्यांबाबत. हे लांबेल. वकिलांनी थोडक्यात लिहा म्हणून सांगितले होते. त्यांचे काय जाते!

आम्ही सात संग्राहक महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या आतल्या खोलीत जमत असू. नवा माणूस आला की त्याने आपल्या पहिल्या नाण्याची गोष्ट सांगायची असा नेम होता. मग एकेक जण आपापली सांगे. त्याच त्या गोष्टी, पण आमचे डोळे दर वेळी भरून यायचे. माझी अशी: लग्नाला वर्ष झाले होते. पुलाच्या जिन्याखाली एक माणूस फडके पसरून बसला होता. सगळा बाजार त्याला मामा म्हणे. त्याच्यापुढे नखाएवढे तांब्याचे नाणे पडले होते, एका बाजूला घोडा, अंगावर काळपट हिरवे कीट. मामा म्हणाला, “दोन हजार वर्षं जुनं आहे. घ्या हातात, घाबरताय काय?” मी घेतले आणि संपलो. घरापर्यंत ते खिशातल्या मुठीत धरून चालत आलो. कोणीतरी ह्याच नाण्याने कधीतरी मीठ घेतले असेल, पोराला खेळणे घेतले असेल, असे मनात येत होते. रात्रभर हाताला तांब्याचा वास होता. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही. मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही, हे आता तिला कळलेच आहे तर कळू दे.

आमच्या छंदात एक नियम देवाच्या वर आहे: नाणे घासायचे नाही. कीट म्हणजे त्याचे वय. घासलेले नाणे मेले, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तर पत्नी दारातच उभी. तिने लिंबू-मिठाने घासून नाणे लख्ख केले होते. तळहातावर धरून म्हणाली, “अहो, बघा तरी, कसा निघालाय घोडा!” ती पुढे म्हणाली, “पण एक सांगू? ह्याला बारीक बारीक खळगे आहेत. फुगे राहिले की ओतकामात असंच होतं. आमच्या बाबांच्या हाताखाली मी शंभरदा पाहिलंय. हे ओतलेलं आहे हो.”

तिचे वडील ओतशाळेत दाराच्या पितळी मुठी ओतत. असली जुनी नाणी ठशाने ठोकत, ओतत नसत. जे ओतलेले ते बहुधा बनावट, हे पुढे मीच नवख्यांना शिकवायचो. त्या दिवशी मी तिला म्हणालो, “ओतशाळेतल्या माणसाच्या मुलीनं मला नाणी शिकवायची नाहीत.” नाणे तिच्या हातातून हिसकावले, डबीत टाकले, डबी कपाटाच्या तळाशी. पुन्हा उघडली नाही. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा मी, भिंग दोन हातांवर होते, उचलले नाही.

ती त्यानंतर त्या खोलीत कधी आली नाही. भांडली नाही, रुसली नाही. रविवारी चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवून जायची. मी माझी गोष्ट संपवताना म्हणायचो, “आणि मग आमच्या अडाणी बायकोनं घासून त्याची वाट लावली!” सगळे हसायचे. ट्रे ठेवताना तिने हे किती वेळा ऐकले असेल ते मला आता मोजवत नाही.

आणि मी पुढची पस्तीस-छत्तीस वर्षे, मामा मरेपर्यंत, मामाकडूनच नाणी घेतली. तो घरी यायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा. सगळ्या बाजाराचा मामा, पण मामा बनलो तो मी.

पत्नी गेल्या वर्षी वारली. त्यानंतर मुलीसाठी संग्रहाची यादी करावी म्हणून वस्तुसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या परीक्षक बाईंना बोलावले. त्या तीन तास भिंगाखाली बघत होत्या. मग म्हणाल्या, “ही सगळी एकाच माणसाकडून घेतलीत का? कीट चढवलेलं दिसतंय. एखादं घासलेलं आहे का? खालचा धातू बघायचाय.” मी डबी काढली. त्यांनी कडेवरची साच्याच्या जोडाची शिवण दाखवली, खळगे दाखवले. “हे पहिलं? अहो, हे तर साध्या डोळ्यांनी कळतंय. तुम्ही काम काय करायचात?” मी सांगितले. त्यांनी नाणे हळूच डबीत ठेवले, भल्या बाई आहेत.

चारशे अकरा नाण्यांपैकी तीन खरी निघाली. ती मी दुसरीकडून घेतली होती आणि इतकी साधी आहेत की संग्रहालयात पोतेभर पडली आहेत. ती परीक्षक बाईंनी घ्यावीत किंवा टाकावीत.

मुलीला हे सांगायला मला महिना लागला. जेवणाच्या टेबलाशी सांगितले. ती ताट आवरत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, “मला माहीत आहे, बाबा. मी दहावीत होते तेव्हापासून. आईनंच सांगितलं होतं.”

“मग मला का नाही बोललीस? दुकान गेलं तेव्हा तरी?”

“मी तेव्हा आईला म्हटलं, आता सांगते. तिनं माझा हात धरला. म्हणाली, राहू दे गं. एवढं एकच तर आहे त्यांच्याकडे.”

मग ती नळाखाली ताटे धुऊ लागली. मी विचारले, “तुला ह्यातलं काय देऊ?” ती म्हणाली, “काही नको. खरंच काही नको.” रागाने म्हणाली असती तर मला बरे वाटले असते.

म्हणून कलम चौथे. पहिले नाणे आणि परीक्षक बाईंची तीन वगळता बाकी चारशे सात नाणी तिच्या आजोबांच्या ओतशाळेत द्यावीत. ती अजून चालू आहे, मी चौकशी केली. धातू वेगळा करून वितळवावा आणि काय करायचे ते करावे. दाराच्या मुठी झाल्या तर निदान त्या मुठी म्हणून खऱ्या असतील.

बाकीचे सहा संग्राहक मला श्रद्धांजली वाहण्यासाठी जमले तर जमोत. माझी पहिल्या नाण्याची गोष्ट सांगू नये. सांगायचीच असेल तर पूर्ण सांगावी.

कलम पाचवे. पहिले नाणे. संग्राहक प्रत्येक नाण्याखाली एक चिठ्ठी ठेवतो: कोणते, कधीचे, कोणाकडून आले. ह्या एकाच नाण्याला मी चिठ्ठी केली नव्हती. काल केली. तीत असे लिहिले आहे:

“तांबे. ओतीव. बनावट. ओळखले माझ्या पत्नीने, घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, भिंगाशिवाय.”

हे नाणे मी माझ्या पत्नीला देत आहे.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला सहीसाठी बोलावले, त्याने वाचले आणि म्हणाला, “काका, काकू तर गेल्या. गेलेल्या माणसाला असं देता येत नाही.” वकिलांनीही हेच सांगितले आहे की असे कलम कायद्याने रद्द ठरते. मला ते मान्य आहे. रद्द ठरू दे. मी ते खोडणार नाही.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर सही झाली, काका शुद्धीत होते. (सही)

साक्षीदार दुसरी: परीक्षक बाई. वरील वर्णनाचे नाणे मी तपासले आहे. चिठ्ठी बरोबर आहे. (सही)

लिहून देणार: घड्याळजी. (सही)

ठिकाण: आतल्या खोलीचा उंबरा. तारीख: महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अकरा.