तीन पूर्णांक चार

सोमवार, ता. ३

ट्रकच्या केबिनमध्ये नवे बसविलेले यंत्र खोटे बोलते. माझी खात्री आहे. मालकांनी आज सर्वांसमोर त्याचा कागद वाचला — "जावई, चार पूर्णांक एक. सासरेबुवा, तीन पूर्णांक चार." म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये माझ्या हाती गाडी इतकेच किलोमीटर चालते. गाडी एकच, माल एकच, रस्ता एकच. अर्धा टप्पा जावईबापू चालवितात, अर्धा मी. मागे कोणीतरी हसले. महिनाअखेरीस ज्याचा आकडा चारच्या खाली, त्याने स्टिअरिंग सोडायचे आणि गोदामात खोकी मोजत बसायचे. अडतीस वर्षे गाडी चालविल्यावर!

कागदावर 'अतीरिक्त इंधन' असे छापले आहे. मी चौथी शिकलो, पण असे लिहिणार नाही. ज्या यंत्राला ऱ्हस्व-दीर्घ समजत नाही, त्याच्या दशांशावर मी विश्वास का ठेवावा?

गुरुवार, ता. ६

सर्व चाकांची हवा स्वतःच्या मापकाने तपासली. दोन चाकांत कमी होती, ती भरून घेतली. ताडपत्री वाऱ्याने फुगत होती, ती आवळली. एअर फिल्टर साफ करविला. मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. आता तपासायचा राहिला तो ड्रायव्हर." त्याचे व जावईबापूंचे हल्ली फार जमते. हे लक्षात ठेवावे.

मंगळवार, ता. ११

माझा आकडा तीन पूर्णांक तीन. जावईबापूंचा चार पूर्णांक तीन. हवा मी भरली, फायदा त्यांना झाला.

बुधवार, ता. १२

संशय असा, की उतारावर ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असावेत. डिझेल वाचते, परंतु ब्रेक तापून माणसे मरतात. म्हणून मागच्या बर्थवर डोळे मिटून पडलो आणि कान उघडे ठेवले. संपूर्ण उतारात गिअर एकदाही सुटला नाही. एक डोळा किलकिला करून पाहिले, तर इंजिनाचा काटा हिरव्या पट्ट्यात. पुढे गर्दी दिसली, की दुरूनच पाय काढून घेतात. गाडी आपल्या ओढीने जाते. हे त्यांना मीच शिकविले होते.

"मामा, झोपलात का?"

"झोपलो आहे," मी म्हणालो.

सोमवार, ता. १७

आज मी चालवीत असताना ते शेजारी बसून माझ्या पायांकडे पाहत होते. चहाला थांबलो, तेव्हा म्हणाले, "मामा, राग मानू नका. गिअर बदलताना रेसवरचा पाय उठतच नाही तुमचा. उतारावरसुद्धा दाबलेला असतो."

"मी स्टिअरिंग धरले तेव्हा आपण पाळण्यात होता."

"म्हणून तर म्हणतो. एकदा डॉक्टरला दाखवू या?"

अच्छा. असा डाव आहे तर. मला आजारी ठरवायचे आणि सगळी गाडी आपल्याकडे घ्यायची. मी पाय उचलतो. पाय माझा आहे, मला कळते.

शुक्रवार, ता. २१

लेकीला फोन केला. स्पष्ट सांगितले, "तुझा नवरा मला गाडीवरून उतरवू पाहतो आहे."

ती म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय. ते मालकांकडे जाऊन आलेत. म्हणाले, दोघांचा मिळून एकच आकडा धरा, चारच्या खाली गेला तर दोघेही उतरू. मालक ऐकेनात."

पढविलेली दिसते.

बुधवार, ता. २६

गाडी आवारात लावून घरी चालत आलो. वाटेत सगळी खडी आहे. लेकीने दारातच विचारले, "बाबा, उजव्या पायातली चप्पल कुठंय?" खाली पाहिले. पाय अनवाणी होता, तळव्यातून रक्त येत होते. मला काहीही टोचले नव्हते.

म्हणजे पेडलवरून पाय उचलला, असे मला केवळ वाटत होते.

किल्ली जावईबापूंच्या हाती दिली.