रांगोळी घातलेलं पान

सोम., ८ सप्टेंबर. करामा
वही उघडली की आधी घरच्यांची विचारपूस, मग बाकीचं. अक्का, तुझा गुडघा कसा आहे? बंडूचा खोकला गेला का? सूनबाईचं बीपी? तांबू व्याली का? आखातातून गावाकडे फोन लागत नाही, म्हणून इथंच विचारून घेतो. आमच्याकडे संजयची कंबर ऑफिसच्या खुर्चीने धरलीय, मृणालला सर्दी, ईरा ठणठणीत. मी जुनं इंजिन. धूर काढत चालतंय.

ईराला शाळेत प्रोजेक्ट. पहिलं महायुद्ध का झालं, पुढं काय झालं. घरातलं कुणी त्यात असेल तर जास्त मार्क.
“आजोबा, डू वी हॅव एनीवन?”
म्हटलं, आहेत ना. माझे आजोबा. बसऱ्याच्या लढाईवर गेले.
“कूल. डिड ही डाय?”
इथं गाडी अडली.

मंगळ., ९
नातीने युद्धाची कारणं समजावली. कुठल्याशा राजपुत्राला कुणी गोळी घातली. मग याने त्याला धमकी, त्याने तिसऱ्याशी दोस्ती, आणि सगळे एकमेकांच्या उरावर. विचारलं, “आमच्या आजोबांचं त्या राजपुत्राशी काय वैर?”
“नथिंग. दॅट्स द पॉइंट, आजोबा.”
पोरगी हुशार.

आजीने आम्हाला सांगितलेलं कारण एवढंच. गावातून माणसं मागितली होती. पाटलाच्या थोरल्याचं नाव लागलं, त्याचा पाय ऐनवेळी मुरगळला. आजोबांचे दोन्ही पाय शाबूत. झुंजले रेडे, मोडली झुडपं.

मग पत्र नाही, प्रेत नाही, खबर नाही. साहेबाचा माणूस आला: अंगठा उठव, मेला म्हणून लिहू, पेन्शन मिळेल. आजीने अंगठा पदरात लपवला. बारा वर्षं झाल्यावर भटजी आले: दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, सुटेल तो. त्यांना गूळपाणी देऊन वाटेला लावलं. पितृपक्षात पितरांच्या पानांपासून लांब एक पान वाढायची आणि त्याला रांगोळी. श्राद्धाला रांगोळी घालत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणूनच घालायची. हा पितर नव्हे, जेवायला येणारा माणूस आहे. कुंकू शेवटपर्यंत.

जाताना आजीने अक्काकडून शब्द घेतला, पान वाढत राहा. अक्का बंडूला घेऊन माहेरी परत आलेली, घर तिनंच राखलं. शब्दही.

गुरु., ११
उद्या बाबांची तिथी. संजयने पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर ठरवलेत. ऑफिसच्या आधी पाऊण तासात खलास. तीळ, दर्भ, सगळं करामात मिळालं. दर्भ पाकिटातला. असो.

शुक्र., १२
घोटाळा.
श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात. बाप, आजा, पणजा. आज्याच्या जागी गावचे भटजी आमच्याकडे गप्प राहायचे, त्यांना ठाऊक होतं. संजयने मला न विचारता तिन्ही नावं पाठवली, ऑफिसात मेल टाकतो तशी. बाबांचं झालं. मग फोनमधून आजोबांचं नाव आलं. पितरांत. माझा हात पाण्यासकट तिथंच.
“काका, पाणी सोडा. काका? नेटवर्क गेलं का?”
म्हटलं, “गेलं.” आणि फोन उलटा ठेवला.
संजय तापला. “अण्णा, ते आज असते तर एकशे तीस वर्षांचे असते.”
“मला हिशेब येतो रे.”
“मग अडलंय कुठं?”
सांगता येईना. राग आला, पण कुणाचा तेही ठरेना. राजपुत्र, पाटील, साहेब, सगळे कधीच मेले. त्यांची कार्यंही यथासांग झाली असतील.

शनि., १३
अक्काचा फोन लागला. न लागता तर बरं. झालं ते सांगितलं.
“तिकडं एसीत बसून आजोबाला मारलास व्हय?”
“मारलं नाही. थांबलो.”
“मग रडतोयस कशाला?”
मग पोटातलं ओठावर आलं. अक्का, आपण दोघं पिकली पानं. बंडूची बायको आत्ताच रांगोळीला हसते, इथं तर कुणाला गंधही नाही. आपल्यामागे त्यांना कोण वाढणार? जिवंतांत नाही, पितरांत नाही, मधेच लटकलेत. सोडू या त्यांना.
फोन ठेवला तिनं.

मंगळ., १६
संध्याकाळी समुद्रावर. हेच पाणी वर बसऱ्याकडे जातं, ईराने नकाशात दाखवलं. इथल्या मुसफ्फाच्या कारखान्यांत एवढी वर्षं वेल्डिंग केलं, चौथी पास माणूस, तिथंच हिंदी, इंग्रजी, थोडी अरबी उचलली. पण आपला माणूस याच पाण्याच्या टोकाला गेला हे एकदाही मनात...
संजय म्हणाला, “अण्णा, पाण्यात काही टाकू नका हं, इथं कॅमेरे असतात.”
हात दाखवले. रिकामे.
ईराने तक्त्यावर आजोबांच्या नावाखाली ‘मिसिंग’ लिहिलंय. संजय म्हणाला, ‘किल्ड’ लिही, नीट दिसेल. “बट वी डोन्ट नो, बाबा.” थेट माझ्या आजीवर गेलीय.

शुक्र., १९
परवा सर्वपित्री. राहिलेलं त्या दिवशी पुरं करू, गुरुजी तयार आहेत. संजय म्हणतो, हो म्हणा अण्णा, यल्ला, आटपा. मृणाल म्हणाली, “मी तीळही काढून ठेवते आणि रांगोळीही.” गुणाची सून. पण दोन्ही एकदम होत नाही गं.
अक्कासाठी बंडूच्या मोबाइलवर मेसेज केला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सगळ्यांना माझ्या तोंडून ‘हो’ हवंय आणि जिचं हवं ती मुकी.

शनि., २०
अक्का, ईरा या पानांचे फोटो काढून बंडूच्या मोबाइलवर धाडतेय. त्याच्याकडून वाचून घे, मधेच उठून जाऊ नकोस.
त्यांना एकट्यानं मारायचा मला धीर नाही, आणि एकट्यानं जिवंत ठेवायची ताकद नाही. शब्द तुझ्याकडून घेतलाय, माझ्याकडून नाही. तू सोड म्हणालीस तर उद्या पाणी सोडेन. वाढ म्हणालीस तर जमिनीवर बसून रांगोळी घालेन, उठवायला संजय आहे. सकाळी गुरुजींचा फोन येईल. शिव्या घातल्यास तरी चालेल अक्का, पण त्याआधी तुझ्या दोन ओळी येऊ देत.