ग्यारशीच्या आत लसूण

सुदामा नगर, इंदूर
८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मीच माझा आवाज ऐकत बसते, म्हणून पत्र. तुझी अट मान्य. देवउठनी ग्यारशीपर्यंत, म्हणजे तुमच्याकडच्या कार्तिकी एकादशीपर्यंत, पिपल्या गावच्या, नानांनी आपल्या दोघांना ठेवलेल्या चार बिघ्यांत लसूण लागला तर जमीन राहील, नाहीतर प्लॉट पाडणाऱ्या कॉलनीवाल्याच्या विक्रीच्या कागदावर आपण दोघांनी सह्या करायच्या.

बियाणं आणलं, रान तयार आहे. अडलंय माणसांपाशी. चार दिवस रोज बसने जाते, घरोघर आप-आप करत कामाला बोलावते, वहीत नावं लिहून घेते. सगळे मान डोलावतात, पाणी देतात आणि सकाळी चिटपाखरू येत नाही. असा संताप होतो! पण मी हटणार नाही. वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो रागावून कमी करू नकोस.

तुझी प्रेमा

पुणे
१५ ऑक्टोबर

चि. प्रेमलतेस अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं भूगोल शिकवलास म्हणून जमीन तुझं ऐकेल असं थोडंच आहे? शेतावर हजेरीची वही नेलीस हे वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. थट्टा राहू दे. तुझे गुडघे असे, त्यात रोज बसचे धक्के. मला खरंच काळजी वाटते. कागद माझ्या टेबलावर आलाय. अजून सही केलेली नाही, पण ग्यारशीनंतर थांबणार नाही. हट्ट कर, तब्येत सांभाळून कर. माया आहेच.

दत्तोपंत

सुदामा नगर, इंदूर
१ नोव्हेंबर, ग्यारस

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनी हसल्या ते बरोबरच होतं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात पिपल्याच्या गेंदाबाईने मला विचारलं, बेनजी, तुमचा सर्वे कधी संपणार? गाव मला सरकारी बाई समजत होतं! तिकडे एकमेकांना सगळे 'तम' म्हणतात. 'आप' म्हणत, वहीत नावं लिहीत येतो तो जमीन मोजून न्यायलाच, असा त्यांचा अनुभव. मी आपली सभ्यपणाने बोलत होते आणि ते घाबरून दारं लावत होते. लाज वाटली रे.

मग गेंदाबाईने अटी घातल्या. वही घरी ठेवायची, तम म्हणायचं आणि त्यांच्या ओळीत बसून स्वतः लसूण लावायचा. दुसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या. मी पहिली ओळ लावली, तर निम्म्या पाकळ्या उलट्या! गेंदाबाईने सगळ्यांसमोर ती उपटली आणि पुन्हा लावायला लावली. गुडघ्यांचं विचारू नकोस.

परवा कॉलनीवाल्याचा माणूस फीत घेऊन आला आणि मालकीण कुठे म्हणून विचारू लागला. मी त्याच्यापासून दहा हातांवर, डोक्यावर पदर, कोपरापर्यंत माती. गेंदाबाईने त्याला सांगितलं की मालकीण कामावर आहे, सांजेला या. मी मान वर केली नाही. दोन वाफे उरले होते.

काल तेही झाले. आता तो कागद सही न करता परत पाठव. वहिनींना सा. न. लोभ पूर्वीइतकाच असू दे, जास्त मागत नाही.

तुझी प्रेमा