जाफन्याच्या भिंती

२८ ऑक्टोबर १९८७
आपल्या फौजेनं जाफना घेतलं! खोलीतल्या उस्मानच्या रेडिओवर ऐकलं. मेसमध्ये पोपटराव ओरडले, "मध्या, तुझ्या दादाची पलटण हाय लेका तिथं!" सगळ्यांनी पाठ थोपटली. घेतलं म्हणतात — कोण कोण जगलं ते सांगत नाहीत.

२ नोव्हेंबर
पोपटराव आधी फौजेत होते, आता आमच्या साइटचा ट्रक चालवतात. विचारलं, शहरात लढतात कसं?
"रस्त्यानं जायचं नाही. छपरावरनं टिपतात. दारानं नाही — उंबऱ्याखाली सुरुंग. भिंतीला भोक पाडायचं, या घरातनं त्या घरात. आत पोरंबाळं का बंदूकवाला, ते भोक पडल्यावरच कळतं."
मी इथं आखातात, वेस्ट बेच्या इमारतींवर दिवसभर ब्लॉक लावतो. आज हात चालेना. मी रचतोय, दादा फोडतोय. फोरमन बोंबलला — यल्ला, यल्ला, चल आवर!

१९ नोव्हेंबर
गावाकडनं कॅसेट आली. शशिकला वहिनीनं दादाचं पत्र वाचून त्यात भरलंय. पानं उलटताना बांगड्या नुसत्या खळखळ! उस्मान हसला, "भाभी बोलती है या चूड़ी?"
दादा लिहितो — समुद्र दोन गल्ल्या पलीकडं आहे म्हणतात, अजून दिसला नाही. भिंत फोडून एका घरात शिरलो. चुलीवर भात शिजत होता, माणूस कुणी नाही. भूक होती, पण भाताला कुणी हात लावला नाही.
दादा, खायचा होतास रे.

८ डिसेंबर
थंडी. समुद्रावरचा वारा हाडात शिरतो. रेडिओवर तिथं अजून गोळीबार. घेतलं ना? मग? पोपटराव म्हणाले, "शहर घेतलं म्हणजे गल्ल्या घेतल्या असं नसतं."
भरतीला दोघं गेलो होतो. माझी छाती कमी भरली. पायदळात मी पाहिजे होतो. त्याला बायको आहे.

११ डिसेंबर
सुट्टी मागितली. पासपोर्ट मालकाकडं. म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे नाही.

१५ डिसेंबर
साइटवरच्या शफीकचा बाप वारला, ते त्याला सुट्टीत दारात उभं राहिल्यावर कळलं. आई म्हणाली म्हणे, परमुलखात एकटा होतास, कसं सांगायचं? आमच्याकडंही तीच रीत.

२० डिसेंबर
पोपटराव सुट्टीवर गेले. हात धरून सांगितलं, आमच्या घरी जाऊन या. दादाचं खरं काय ते विचारा.

२ जानेवारी १९८८
घरून काही नाही. भिंती, भिंती.

१७ जानेवारी
पोपटराव आले! तिळाचे लाडू दिले, कॅसेट दिली. "समदं ठीक हाय." डोळ्याला डोळा देईनात. चहालाही थांबले नाहीत.

१८ जानेवारी
कॅसेट ऐकली. आई म्हणते, दादा खुशाल आहे, तू जिवाला जप. मग वहिनी. "भावजी, वेळेवर जेवत जा." बराच वेळ बोलली. आवाज पुरता मोठा करून परत लावली, परत लावली.
बांगडी एकदाही वाजली नाही.