सोकोम्पावरची वीस पावलं

सोकोम्पाचा तळ,
६ नोव्हेंबर १९९४

ती. फाउस्तिनोदादास देल्मिराचा सा. न. वि. वि.

उद्याची मालगाडी तोलार ग्रांदेवरून जाईल, म्हणून गार्डच्या हाती हे पत्र देते. आईला सांग, मी सपाटीवरच आहे. खरं काय ते तुला सांगते. परवा आम्ही सहा हजार मीटरवर चढतोय. तिथे या ज्वालामुखीच्या फटींतून ऊन वाफ येते आणि आसपास गवताची काडी नसताना तेवढ्याच ओल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव तग धरून आहेत. ती माती आणली की माझा प्रबंध उभा राहील. तू म्हणशील, जंतूच बघायचे तर माझे मोजे काय वाईट होते!

दादा, मला भीती वाटतेय. बरोबरच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं डोकं इतकं दुखलं, की तो परत गेला. आता इबार्रा सर आणि मी, दोघंच. सर अठ्ठावन्न वर्षांचे आणि कालपासून खोकताहेत. ड्रायव्हर रोसेंदो त्यांना म्हणाला, खाली चला. तर म्हणे धूळ गेलीय घशात. सकाळी मी खड्डा खणून धरणीमातेला कोकाची पानं वाहिली. एरवी सर चेष्टा करतात. आज गुपचूप त्यांनीही चार पानं टाकली. ते बघून मी आणखी चार वाहिली.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
देल्मिरा

तोलार ग्रांदे,
९ नोव्हेंबर

चि. देल्मिरा हिस अ. आ.

अगं शहाणे, गुपित सांगायला तुला गार्डच सापडला? पत्र माझ्या हातात पडण्याआधी त्याने आईला विचारलं, की लेक डोंगरावरून कधी उतरणार.  आई लामांना चारा घालायला गेली ती अजून कुंपणाशीच उभी आहे, पश्चिमेकडे तोंड करून.

कालपासून शिखरावर ढगाची पांढरी टोपी आहे आणि तिचं शेपूट लांबत चाललंय. त्याचा अर्थ तुला मी शिकवायला नको. सर मोठे असतील विद्यापीठात. वाऱ्याला त्यांची पदवी वाचता येत नाही. पत्र मिळेल तिथून मागे फीर. वाळवलेलं मांस पाठवतोय, रोसेंदोला सगळं खाऊ देऊ नकोस.

खुशाली कळव. दोन ओळी पुरेत.

तुझा दादा,
फाउस्तिनो

साल्ता,
१८ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला खाली उतरल्यावर मिळालं. मी धडधाकट आहे, पायाची दोन बोटं तेवढी काळी पडलीत. सर इथल्या दवाखान्यात आहेत. जगतील म्हणतात.

वर दुसऱ्या दिवशी त्यांच्या थुंकीत गुलाबी फेस आला. मी म्हटलं, उतरू या. ते म्हणाले, मातीच्या बारा नळ्या भरायच्या राहिल्यात, तेवढ्या भर. मी भरत बसले, दादा. भीतीपेक्षा त्यांचा शब्द मोठा वाटला. दुपारी ते मला त्यांच्या मुलीच्या नावाने हाक मारू लागले, तेव्हा मी नळ्यांची पेटी तिथेच टाकली आणि त्यांना उठवलं. तेवढ्यात बर्फाचा वारा सुटला. सगळं पांढरं. स्वतःचे बूट दिसेनात.

अर्ध्या उतारावर ते बसले ते उठेनात. ओढलं, शिव्या दिल्या, रडले. मग मी त्यांना सोडून निघाले. वीस पावलं गेले. मोजली म्हणून ठाऊक आहे. अंग हलकं झालं होतं, बरं वाटत होतं.

मग वळले. इथे सगळे म्हणतात, केवढं धाडस! सरांच्या बायकोने माझे हात डोळ्यांना लावले. पण मला त्यांची दया आली म्हणून मी वळले नाही. त्या पांढऱ्यात एकटी राहायची भीती वाटली, म्हणून वळले. त्यांना दोरीने माझ्या कमरेला बांधलं आणि भुसभुशीत खडीवरून घसरत, ओढत खाली आणलं. रोसेंदो निम्म्या वाटेवर आला होता.

हे तुलाच सांगतेय. वाचून फाडून टाक.

देल्मिरा

तोलार ग्रांदे,
२२ नोव्हेंबर

चि. देल्मिरा हिस अ. आ.

पत्र फाडलं नाही. आईने समोर बसवून वाचायला लावलं. वीस पावलांपाशी मी अडखळलो आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. तिने लोकर कातायची चाती थांबवली आणि विचारलं, काय गिळलंस? मग सांगावंच लागलं.

चाती पुन्हा फिरू लागली. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, भीतीने वळली ना, मग झालं तर. तो माणूस तर उतरला. दया काय, घरात बसूनही येते.

मीच तिला विचारलं, की पोरगी पुन्हा जायचं म्हणाली तर? नळ्या वरच राहिल्यात, आणि तुला मी ओळखतो. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. म्हणाली, जायचंच तर चौघं जा म्हणावं. भीती वाटून घ्यायला माणसं लागतात.

लोभ आहेच. तो कागदावर वाढवण्यापेक्षा शनिवारच्या गाडीने ये.

तुझा,
फाउस्तिनो