क्लिंकर नसलेल्या खड्याबाबत

मी, गायत्री चिंधा बोरसे, वय सेहेचाळीस, अविवाहित, बी.एस्सी., बमरोलीच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत नोकरीस, राहणार नवागाम, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर मन बहुतेक वेळा ठिकाणावर असते. पुढच्या महिन्यात माझ्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया आहे. ती साधी आहे असे सगळे इतक्या वेळा सांगतात, की हे लिहून ठेवावेसे वाटले.

१. नवागामची खोली आई शोभाबाई हिच्या हयातीपर्यंत तिची. नंतर माझी भाची जागृती हिची. जागृतीचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ कुंदन, याने खोली नको म्हणून आधीच सांगितले आहे. नळाला पाणी येत नाही, हे त्याने दिलेले कारण खरे आहे.

२. बँकेतील ठेव आईच्या औषधपाण्यासाठी. माझ्या डायऱ्या जाळू नयेत आणि वाचूही नयेत. वाचल्याच, तर कुंदनबद्दलची पाने रागाच्या भरात लिहिली आहेत हे ध्यानात ठेवावे. राग मात्र रास्त होता.

३. माझा मोठा कुकर तीन वर्षांपासून शेजारच्या पुष्पाबाईंकडे आहे. त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार असल्याने मी तो त्यांना देऊ शकत नाही. फक्त मागत नाही.

४. काचेची छोटी बाटली. खरे तर हे सगळे तिच्यासाठीच लिहिले आहे.

चार वर्षांपूर्वी कुंदनच्या कुटुंबासोबत जैसलमेरला गेले होते. तिथल्या वाळवंटात, फिकट खड्यांच्या माळावर मला एक काळा दगड दिसला. कुंदन मिलमध्ये बॉयलर चालवतो. कोळसा जळून उरणारा, वितळून घट्ट झालेला खडा, ज्याला तो क्लिंकर म्हणतो, त्याने आयुष्यभर उपसला आहे. दगड हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, हाई ते आमना बॉयलरना क्लिंकर शे."

"इथे वाळवंटात बॉयलर कुठून आला?"

"ट्रकमाईन पडना व्हई."

मी भिंगाखाली पाहिले. क्लिंकरला बुडबुड्यांची भोके असतात, याला नव्हती. काळ्या पिठात बारीक गोल कण रोवलेले होते. कुंदनने तो भट्टीत टाकून बघण्याची तयारी दाखवली. "जळना तं कोयसा." मी दगड कपाटात कुलूपबंद केला. आई म्हणाली, "कोयसा तं कोयसा, भांडतस कसाले?"

दगड मी एका संशोधन संस्थेकडे सोपवला. त्यांनी तो पाणी न लावता कापला, कण मोजले, ऑक्सिजनचे प्रकार तपासले. दोन वर्षांनी कळवले: कार्बनयुक्त कॉन्ड्राइट, सी-एम गट. आकाशातून पडलेला, पृथ्वीपेक्षा जुना, आणि ज्या पिंडाचा तो तुकडा, त्याच्यावर एके काळी पाणी होते. मी डायरीत अंदाजाने सी-व्ही हा दुसराच गट लिहिला होता. चूक तशीच ठेवली आहे. दगडाला नाव नियमाप्रमाणे जवळच्या गावाचे लागले. "तुनं बी नही लागनं," कुंदन म्हणाला, आणि दिवसभर खुशीत होता.

दगड सरकारी संग्रहात आहे. तो माझा नव्हताच. कापताना निघालेली भुकटी आणि चण्याएवढा तुकडा संस्थेने मला लेखी परवानगीने परत दिला. माझ्यामागे कोणीतरी ही बाटली राखेच्या ढिगात टाकेल, ही भीती मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे. म्हणून ती मी कुंदनला देते. टाकणारा तोच असेल, तर निदान त्याला टाकताना माझी आठवण होईल. बाटली कोरडी ठेवावी. उघडून हुंगू नये.

सही: गायत्री चिंधा बोरसे

साक्षीदार:
१. ~~कुं~~ श्रीरंग निंबा पाटील, सहकारी, बमरोली
२. पुष्पाबाई लोटू अहिरे, शेजारीण, नवागाम

खाडाखोडीबाबत खुलासा: पहिल्या साक्षीदाराच्या जागी कुंदन सही करायला बसला होता. मी त्याला सांगितले, की वकीलबाईंच्या मते ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. सही करायची तर बाटलीवरून तुझे नाव काढावे लागेल. त्याने पेन खाली ठेवले. "दुसरं कोनले बी बलाव," तो म्हणाला. "बाटली मनी शे." मनी म्हणजे माझी. मग म्हणाला, "आन तुले काही व्हत नही." खोडलेल्या अक्षरावर मी सही केली आहे.

नवागाम, सुरत
१४ नोव्हेंबर २०२५