ट्रेलरला काय काय हवं

१४ ऑक्टोबर २००२, सोमवार

समर्थ आज अंबडला शेडवर आला. पावणेदोन वर्षांनी! फाटकाशी उभा राहिला. कुणी आत ये म्हणायची वाट बघत असावा. मी म्हणालो नाही. कामातल्या माझ्या जोडीदाराने, भिकाने बोलावलं.

ट्रेलर हवाय त्याला. रॅलीच्या शर्यतीतली गाडी आत घालून जीपमागे ओढत नेता येईल असा — चारी बाजूंनी बंद, अख्खा ॲल्युमिनियमचा. खिशातून परदेशी मासिकाचं कापलेलं पान काढलं. पांढराशुभ्र डबा, मागचं दार खाली पाडलं की त्याचाच रॅम्प होतो.

"काका, नाशकात ॲल्युमिनियमला तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

हात! ओझरच्या कारखान्यात विमानांचे पत्रे जोडण्यात सव्वीस वर्षं गेली या हाताची. याच हाताने हॉस्पिटलच्या जिन्यात याच्या थोबाडीत मारली होती. तो विसरला असेल. मी नाही.

"बघतो," म्हणालो. नाहीच म्हणायचं आहे.

१५ ऑक्टोबर, दसरा

मखमलाबादहून समर्थच्या मळ्यातला झेंडू आला, पोतंभर. परत पाठव म्हणालो. बायकोने, ललिताने, तो घेतला. "सणासुदीला फुलं परत करतात का कुणी!" मशिनींना हार घातले. माझ्या हाताने नाही, भिकाने घातले.

१८ ऑक्टोबर

दिनेश सकाळी म्हणाला, "पप्पा, समर्थचा ट्रेलर घ्या ना करायला."

याला कसं कळलं? फोन! मी शेडवर असताना समर्थचे फोन येतात आणि ललिता रिसीव्हर दिनेशच्या खुर्चीपाशी नेऊन देते. माझ्याच घरात माझ्यापासून चोरून! मी तिला बोललो. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, पोळ्या लाटत राहिली. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतो तो. तुमचं काय जातं?"

माझं काय जातं!

फेब्रुवारी २००१. पेठकडचा कच्चा घाटरस्ता. दिनेशचा मित्र म्हणून समर्थ चालवत होता. दिनेश शेजारी बसून वहीतून वळणं वाचून सांगत होता — पुढे डावं की उजवं, किती तीव्र. नेव्हिगेटर म्हणतात त्याला. एका डाव्या वळणावर समर्थने गाडी वळवलीच नाही. सरळ खाली! तीस फूट. समर्थच्या कपाळाला चार टाके पडले. दिनेशचं कमरेखालचं अंग लुळं पडलं ते पडलंच. चोवीस वर्षांचा होता. जिन्यात समर्थ मला म्हणाला, "काका, माझी चूक झाली. वेग आवरला नाही मला." त्यावर मारली मी.

आणि आता ट्रेलर.

दिनेशने पुन्हा विचारलं, रात्रीच्या जेवणावर. दोन वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा आईकडे मागतो.

घेतलं काम.

२४ ऑक्टोबर

समर्थ शेडवर. मी वही उघडून एकेक विचारत गेलो. कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं, तसंच बोललो.

मागचं दार — रॅम्प की दोन झडपा? रॅम्प. तळाला लाकूड की जाळीच्या नक्षीचा पत्रा? पत्रा, म्हणजे ऑईल पुसता येतं. आत दिवे? हवेत. गाडी बांधायला तळात कड्या? चार. नाही, सहा. छताला झरोके, टायर ठेवायला मांडणी, हत्यारांचं कपाट, गाडी बंद पडली तर आत खेचायला विंच. लग्नाचं सामान काढावं तसं चाललं होतं त्याचं! मध्येच म्हणायचा, "हे दिनेशला विचारून सांगतो." एकदा नाही, तीनदा म्हणाला.

शेवटी मी पेन ठेवलं. "दिनेशला काय विचारायचं? तो बसणार आहे का यात?"

भिका उगाचच ड्रिल घेऊन बाहेर गेला.

२७ ऑक्टोबर, रविवार

घरी पाहतो तर टेबलभर कागद. दिनेशने ट्रेलरचं ड्रॉइंग काढलंय. बाजूने, वरून, मागून. मापं मिलिमीटरमध्ये.

म्हणाला, "पप्पा, एक मोठी गडबड होती. चाकांवरचे खोके आतमध्ये येतात. गाडी आत नेली की तिचं दार खोक्याला अडणार. चालवणारा आतच अडकेल! म्हणून इथे, डाव्या—नाही, ड्रायव्हरच्या बाजूला भिंतीतच दार द्यायचं. आणि हा खोका एवढा बुटका ठेवायचा की गाडीचं दार त्याच्यावरून उघडेल."

बरोबर होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला!

हसत होता तो. पावणेदोन वर्षं मी किती काय केलं — टीव्ही आणला, कॅरम आणला, कळवणच्या वैद्याकडे नेलं. हसला नाही. आणि त्या माणसाच्या डब्याला दार काढताना हसतोय.

ड्रॉइंग चांगलं आहे म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळी. कुणाकडे गेलो नाही.

११ नोव्हेंबर

सांगाडा उभा राहिला. भिका आणि मी, दोघांनी चॅनेल बसवले. जुने दिवस आठवले म्हणाला तो. मला काही आठवून घ्यायचं नाही.

समर्थने रंगाचं विचारायला फोन केला. पांढरा. आणि दोन्ही बाजूंना नावं घालायची म्हणे — समर्थ आणि दिनेश. मोठ्या अक्षरात!

मी म्हणालो, "माझ्या पोराचं नाव तुझ्या डब्यावर लागणार नाही. तुझ्यामुळे तो खुर्चीत बसलाय, आणि तू त्याची पाटी मिरवणार?"

"ठीक आहे, काका."

प्रत्येक गोष्टीला ठीक आहे काका! एकदा तरी भांडावं ना. मिंधा माणूस समोर असला की राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

१९ नोव्हेंबर

लिहून ठेवतो. इथे खोटं लिहून काय करू.

असल्या जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ओढणारी जीप थांबायला लागली की ट्रेलर मागून ढकलतो, आणि त्या ढकलण्याच्या दाबानेच ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात, अशी रचना पुढच्या दांड्यात बसवायची. नसली तर सपाटीवर फारसं कळत नाही. घाटात कळतं. आत गाडी असताना सतराशे किलो वजन जीपला मागून रेटतं.

वहीत मी रॅम्प विचारला, झरोके विचारले, कपाटाच्या कडीचा रंगसुद्धा विचारला. ब्रेक विचारला नाही. त्याला यातलं कळत नाही. इथले शेतीचे ट्रेलर बिनब्रेकचेच धावतात, त्याला वाटत असेल असंच असतं. शेवटी म्हणाला होता, "अजून काही राहिलं असेल तर तुम्ही ठरवा, काका. तुमच्यावर सोडलं."

विसरलो नव्हतो. मी काही विसरत नाही.

२ डिसेंबर

भिका एक्सल बसवताना थांबला. "ब्रेक नाय टाकायचा? लय जड हाय हे, रंगनाथ."

"पार्टीने सांगितलं नाही."

"पार्टीला काय कळतंय? आपण सांगायचं ना."

"तू तुझं काम कर."

तीस वर्षांची ओळख आमची. कारखान्यात एका रिव्हेटचं डोकं जरा तिरपं बसलं तर अख्खी ओळ उपटून पुन्हा मारायचो आम्ही. वर पायलट असतो, म्हणायचो. भिकाने दुपारी डबा बाहेर लिंबाखाली बसून खाल्ला.

१२ डिसेंबर

झाला. पत्र्याला एक पोचा नाही, सांध्यात उजेड दिसत नाही. रॅम्प एका हाताने उचलला जातो. एवढं सुंदर काम मी ओझर सोडल्यापासून केलं नव्हतं. त्याच्याच नशिबी यायचं होतं!

समर्थने गाडी आत घालून पाहिली, भिंतीतल्या दारातून बाहेर आला आणि दारावर हात फिरवत राहिला. "हे दिनेशचं," म्हणाला. डोळे भरले होते. नाटक, दुसरं काय.

परवा सकाळी मुंबईला नेणार. तिकडे रॅली आहे.

मुंबई म्हणजे कसारा घाट.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी सातला गाडी भरून गेले. जीप समर्थ चालवत होता, शेजारी दत्तू मेकॅनिक. या दत्तूला दोन मुली आहेत. तो नमस्कार करून गेला. मी हात वर केला.

घरी आलो. ललिताने पोहे पुढे ठेवले. दिनेशने विचारलं, "पप्पा, माझ्या ड्रॉइंगमध्ये ब्रेक राहिला होता. मला काल सुचलं. तुम्ही कुठला बसवलात?"

"चांगला बसवलाय," म्हणालो.

"मला वाटलंच. तुमच्या नजरेतून सुटणार नाही." आणि पोहे खायला लागला.

पोहे तसेच ठेवले. उठलो. घरून केला तर दिनेश ऐकेल, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून समर्थचा मोबाइल लावला. लागत नाही. पुन्हा. लागत नाही! स्कूटर काढली आणि मुंबईच्या रस्त्याला लागलो. टोपी नाही, स्वेटर नाही. वाडीवऱ्हे गेलं, घोटी जवळ आलं. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला विचारावंसं वाटत होतं, पुढे काही झालंय का? समर्थची दया आली होती का? नाही. खोटं नाही लिहिणार. दत्तूचा नमस्कार डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि दिनेशचं ते 'मला वाटलंच'.

घोटीच्या पुढे एका हॉटेलसमोर पांढरा डबा उभा! दोघं चहा पीत होते. स्कूटर तशीच भिंतीला टेकवून त्यांच्यापाशी गेलो.

"घाट उतरू नकोस."

"का, काका? काय झालं?"

"ट्रेलरला ब्रेक नाहीत."

"लागतात?"

"लागतात. मला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नाही तुला."

दत्तूने शिवी घातली, ग्लास आपटला आणि उठून जीपकडे गेला. योग्यच केलं त्याने. समर्थ उठून उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं.

म्हणाला, "बसवायला किती दिवस लागतील?"

"सात."

"मग परत फिरवतो." आणि हॉटेलवाल्याला हाक मारली, "अजून एक चहा. काकांना."

रॅली बुडाली त्याची. सावकाश, वीसच्या वेगाने ट्रेलर अंबडला परत आणला, मी मागून स्कूटरवर. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. तो असा वागतो आणि मी अजूनच लहान होतो. माझा त्याच्यावरचा राग तसाच आहे. उलट वाढलाय.

१६ डिसेंबर

भिकाने ब्रेकचं सामान उघडलं. डबा आज आत बसून खाल्ला.

२१ डिसेंबर

ब्रेक बसले. सातपूरच्या उतारावर गाडी भरून तीनदा पाहिलं. जागच्या जागी थांबतो. समर्थ घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दिनेशला यातलं काही सांगू नका, काका. उगाच त्याला लागेल."

हा कोण मला सांगणार, माझ्या पोराला काय सांगायचं!

२२ डिसेंबर, रविवार

सांगितलं. ललिता देवळात गेली होती. दिनेशच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं — ब्रेकचं, खोटं बोललो ते, घोटीचं. म्हणालो, त्याने तुझं वाटोळं केलं, माझ्याच्याने ते सहन झालं नाही.

तो रडायला लागला. हॉस्पिटलातसुद्धा रडला नव्हता.

"पप्पा, त्याने नाही केलं. वहीची दोन पानं एकदम उलटली माझ्याकडून. पुढे सरळ आहे, म्हणून ओरडलो मी. माझं ऐकून तो सरळ गेला. शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाला, मी काकांना सांगितलंय माझी चूक, तू आता काही बोलू नकोस. मला बोलायचं होतं, पप्पा. रोज बोलायचं होतं."

दुपारचे तीन वाजलेत. मखमलाबादला निघालोय. काय बोलायचं ते माहीत नाही. दिनेश म्हणतो, मलाही न्या. रिक्षा दारात उभी आहे.